अर्धशिशी आणि वारंवार उठणारे डोके : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे कोण देत आहे आणि त्यांवर कितपत विसंबावे?

मी डॉक्टर नाही, रुग्ण आहे. वयाच्या १९व्या वर्षी माझे डोके पहिल्यांदा असे उठले की परीक्षेचा पेपर अर्धवट टाकून घरी यावे लागले, आणि त्याला आता २६ वर्षे झाली. या काळात जे तज्ज्ञांकडून समजले, जे वाचले आणि जे चुका करून शिकले, ते येथे आहे. नातेवाईक, शेजारी आणि त्यांच्या ओळखीचे लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरे एकदाच नीट लिहून काढली. औषधांची नावे केवळ ओळख पटावी म्हणून दिली आहेत. मात्रा मुद्दाम दिलेली नाही, कारण ती वय, वजन, रक्तदाब, मूत्रपिंडांची स्थिती आणि चालू असलेली इतर औषधे पाहूनच ठरवावी लागते.

माझी डोकेदुखी अर्धशिशीच आहे, हे कशावरून ओळखावे?

रक्ताच्या तपासणीत किंवा एक्स-रेमध्ये अर्धशिशी दिसत नाही. तिचे निदान आपण सांगितलेल्या हकिकतीवरून होते, आणि म्हणूनच ती हकिकत नीट सांगता येणे फार महत्त्वाचे आहे. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या २०१८ च्या निकषांनुसार, औषध न घेतल्यास ४ ते ७२ तास टिकणारे किमान पाच अटॅक येऊन गेलेले असावेत. दुखणे एका बाजूला असणे, ठसठसणे, मध्यम ते तीव्र असणे आणि जिना चढण्यासारख्या साध्या हालचालीने वाढणे, या चारांपैकी किमान दोन गोष्टी असाव्यात. शिवाय मळमळ किंवा उलटी तरी असावी, किंवा उजेड आणि आवाज हे दोन्ही नकोसे व्हावेत.

माझ्या अनुभवात सर्वांत सोपी खूण चौथी आहे. दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारखे दुखते पण माणूस कुरकुरत का होईना कामे उरकतो, ती बहुधा ताणाची डोकेदुखी असते. अर्धशिशीत पडलेली पेन्सिल उचलायला वाकले तरी कपाळात घण पडतो, आणि माणूस आपोआप अंधाऱ्या खोलीत जाऊन निश्चल पडून राहतो.

दोन्ही बाजूंनी दुखत असेल तरी ती अर्धशिशी असू शकते का?

होय. नाव ‘अर्ध’ असले तरी पुष्कळांचे संपूर्ण डोके दुखते, आणि लहान मुलांमध्ये तर ते बहुधा दोन्ही बाजूंनीच दुखते.

रात्री ठरावीक वेळी एका डोळ्यामागे असह्य कळ येते आणि डोळ्यातून पाणी वाहते. हीसुद्धा अर्धशिशीच का?

बहुधा नाही. १५ मिनिटे ते ३ तास टिकणारी, त्याच बाजूचा डोळा लाल करणारी, नाक गळायला लावणारी आणि रुग्णाला पडू न देता येरझाऱ्या घालायला लावणारी ही ‘क्लस्टर’ डोकेदुखी असू शकते. ती पुरुषांत अधिक आढळते. तिचा उपचार निराळा आहे, त्यात मास्कने शुद्ध ऑक्सिजन देणे हा एक प्रमुख उपाय आहे, त्यामुळे न्यूरॉलॉजिस्टकडे जाण्यास विलंब करू नये.

अटॅक येतो तेव्हा डोक्यात नेमके काय होते?

अर्धशिशी हा मेंदूचा आजार आहे, आणि वेदना हा त्याचा एक टप्पा आहे. अटॅकच्या काही तास, क्वचित एक-दोन दिवस आधीच जांभया येणे, मान आखडणे, चिडचिड होणे, गोड खावेसे वाटणे अशा खुणा दिसतात. काहींना डोके दुखण्यापूर्वी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेषा दिसतात, नजरेचा एक तुकडा पुसला जातो, किंवा बोटांपासून गालापर्यंत मुंग्या चढत जातात. याला ‘ऑरा’ म्हणतात आणि तो साधारणपणे ५ ते ६० मिनिटे टिकतो. मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर या संथ गतीने सरकणारी विद्युत-रासायनिक लाट त्यामागे असते. अशी लाट ब्राझीलचे संशोधक आरिस्तिदेस लेआंव यांनी १९४४ मध्ये प्राण्यांच्या मेंदूवरील प्रयोगांतून प्रथम वर्णन केली.

पुढचा ठणका चेहऱ्याला आणि मेंदूच्या आवरणांना संवेदना पुरवणाऱ्या ट्रायजेमिनल नसेमुळे उठतो. तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचे द्रव्य बाहेर पडते, आवरणांतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि वेदनेचे संदेश वाढत जातात. वेदना ओसरल्यावरही एखादा दिवस अंग गळून गेलेले आणि डोके पोकळ झाल्यासारखे वाटते.

हे सगळे पित्तामुळेच होते ना? उलटी झाली की डोके उतरते.

मराठी घरांत हा प्रश्न सर्वांत आधी येतो, आणि त्याचे उत्तर देताना समोरच्याचा चेहरा हमखास नाराज होतो. मीही सात-आठ वर्षे स्वतःला पित्तप्रकृतीची समजत होते. डोके उठायचे, मळमळायचे, शेवटी पिवळे कडू पाणी पडायचे, आणि मग डोके हलके होऊन झोप लागायची. पुरावा याहून सरळ कोणता हवा?

परंतु क्रम उलटा आहे. अटॅक सुरू झाला की मेंदूतील मळमळीची केंद्रे चाळवतात आणि जठर रिकामे होण्याची क्रिया मंदावते. पोटात काही नसताना पुनःपुन्हा उलटी झाली तर पित्तरस पडणारच. तो पडला म्हणून डोके दुखत होते, असे त्यावरून सिद्ध होत नाही. अनेकांना उलटी अटॅक ओसरण्याच्या सुमारास होते, त्यामुळे उलटीनेच डोके उतरले असे वाटत राहते. आम्ल कमी करणारी गोळी जळजळ थांबवते, अर्धशिशी थांबवत नाही. आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांतही ‘अर्धावभेदक’ हा शिरोरोगांत स्वतंत्रपणे सांगितला आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

हा मुद्दा शब्दांपुरता नाही. जठर मंदावल्यामुळे उशिरा घेतलेली वेदनाशामक गोळी पोटातच पडून राहते आणि ‘मला गोळी लागूच पडत नाही’ असा समज होतो. म्हणूनच डॉक्टर पुष्कळदा सोबत मळमळीवरचे औषध देतात. घशात बोटे घालून उलटी काढणे मात्र टाळावे, कारण त्यात घेतलेले औषध आणि शरीरातील पाणी दोन्ही बाहेर जाते.

मला सायनसचा त्रास आहे असे सांगितले गेले आहे. मग हे निराळे का?

कपाळ आणि गाल दुखतात, नाक चोंदते, डोळ्यांत पाणी येते, म्हणून सायनस, असे निदान घरोघरी होते आणि दवाखान्यांतही होते. माझ्यावर तीन वर्षे याच समजुतीतून अँटिबायोटिक्सचा मारा झाला. ट्रायजेमिनल नसेच्या चेतनेमुळे अर्धशिशीतही नाक आणि डोळे वाहतात. ताप नाही, नाकातून घट्ट पिवळा-हिरवा स्राव नाही, आणि त्रास दर महिन्याला ठरावीक ढंगाने येतो-जातो, असे असेल तर ‘सायनस’ या शब्दाविषयी शंका घ्यावी. चष्म्याचा नंबर वाढल्यामुळे अशी तीव्र, उलटी आणणारी डोकेदुखी होणे तर फारच विरळा.

उपासाने डोके दुखते. उपास सोडून द्यावा का?

रिकामे पोट हे अर्धशिशीचे अगदी जुने निमित्त आहे. मला ते कळले भिंतीवरच्या कालनिर्णयमुळे. ज्या दिवशी डोके उठेल त्या तारखेभोवती लाल पेनाने गोल करायचा, असे एका डॉक्टरांनी सांगितले होते. चार महिन्यांची पाने मागे उलटून पाहिली तेव्हा चारपैकी तीन महिन्यांत एक गोल संकष्टीच्या तारखेवर किंवा तिला चिकटून दुसऱ्या दिवशी पडला होता. संकष्टीचे जेवण चंद्रोदयानंतर, म्हणजे कधी साडेआठला तर कधी दहाच्या सुमारास. तोपर्यंत सकाळची वाटीभर साबुदाण्याची खिचडी आणि दुपारचा अर्धा कप चहा. त्यात ऑफिसातून परतताना लोकलमध्ये तासभर उभे राहणे. निमित्त एकटे क्वचित येते. उपास, अपुरी झोप, पाळीचे दिवस आणि ऊन एकमेकांवर चढत जातात आणि कधीतरी भांडे भरून वाहते.

उपास करू नका असे मी कोणाला सांगणार नाही, परंतु निर्जळी उपास, म्हणजे हरतालिकेसारखा, अर्धशिशीच्या रुग्णाने करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. एरवी दर तीन-चार तासांनी फळ, दूध, ताक, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाणे असे काही पोटात जावे आणि पाणी भरपूर असावे. पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध यांनी व्रतभंग होत नाही, असे सांगणारा जुना श्लोक आपल्या परंपरेत आहेच. माझ्या सासूबाईंना तो पाठ होता, आणि त्यांनीच एका चतुर्थीला माझ्या हातावर केळे ठेवले.

डोक्यावरून अंघोळ केली की त्रास होतो, असे म्हटले तर लोक हसतात. यात तथ्य आहे का?

आहे. मुंबईतील डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी केस धुतल्याने अर्धशिशीचा अटॅक येणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात मांडली होती. लांब केस फार वेळ ओले राहू न देणे, उपाशीपोटी न्हाऊ नये आणि लगोलग उन्हात जाऊ नये, एवढी काळजी माझ्यापुरती उपयोगी पडली. ऊन, अत्तर, उदबत्ती, पेट्रोल, मिरचीच्या फोडणीचा ठसका, मिरवणुकीतले ढोल आणि लेझरचे झोत हीही नेहमीची निमित्ते आहेत.

खाण्याच्या पदार्थांची लांबलचक यादी मात्र कोणी हाती दिल्यास ती सावधपणे वापरावी. चॉकलेट खाल्ले म्हणून डोके उठले असे वाटते, तेव्हा पुष्कळदा अटॅक आधीच सुरू झालेला असतो आणि गोड खाण्याची ओढ हीच त्याची पहिली खूण असते. टोमॅटोपासून दह्यापर्यंत सर्व सोडून बसलेले आणि तरीही महिन्याला आठ अटॅक सोसणारे लोक मी पाहिले आहेत.

चहा चांगला की वाईट?

दोन्ही. कॅफिनमुळे वेदनाशामकाचा परिणाम वाढतो, म्हणून कडक चहासोबत घेतलेली गोळी बरी वाटते. पण दिवसाला पाच-सहा कप घेणाऱ्याने एके दिवशी तो अचानक सोडला की एका दिवसाच्या आत डोके धरते. कप कमी करायचेच असतील तर आठवड्याला एक या हिशोबाने कमी करावेत. झोपेचेही असेच आहे. रविवारी दहापर्यंत झोपून जो आराम मिळतो, त्याची किंमत दुपारी मोजावी लागते.

गोळी केव्हा घ्यावी? जितके सहन होईल तितके सहन करावे, असे घरात शिकवले आहे.

ही शिकवण अर्धशिशीत नेमकी उलटी पडते. वेदना सौम्य असताना, शक्य तर पहिल्या तासाभरात घेतलेले औषध सर्वांत चांगले लागू पडते. डोक्याची त्वचा हुळहुळी होऊन केस विंचरणेही नकोसे झाले, की समजावे उशीर झाला.

सौम्य ते मध्यम अटॅकसाठी पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन यांसारखी औषधे वापरली जातात. त्यांनी भागत नसेल तर ट्रिप्टान गटातील औषधे असतात, जसे सुमाट्रिप्टान किंवा रिझाट्रिप्टान. ही खास अर्धशिशीसाठी बनवलेली असून १९९० च्या दशकाच्या आरंभापासून वापरात आहेत. हृदयविकार, पक्षाघात किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असलेल्यांनी ती घ्यायची नसतात, आणि एर्गोटामिन हे अर्धशिशीचे जुने औषध असलेल्या गोळीनंतर २४ तासांच्या आत ती घेता येत नाहीत. पावसाळ्यात ताप येऊन डोके दुखत असेल तर डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नये, कारण रक्तस्रावाचा धोका असतो.

गोळी घेतली की तेवढ्यापुरते बरे वाटते, पण आता जवळजवळ रोजच घ्यावी लागते. असे का झाले?

एवढ्या सगळ्या प्रश्नांपैकी एकाचेच उत्तर वाचायला वेळ असेल तर ते हे वाचावे.

वेदनाशामक गोळी वारंवार घेतल्याने डोकेदुखी वाढते आणि रोजची होते. ही समजूत नव्हे, हे स्वतंत्र निदान आहे. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी साधी वेदनाशामके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान, एर्गोटामिन, अफूवर्गीय औषधे किंवा अनेक घटक एकत्र असलेल्या गोळ्या महिन्यातून १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, आणि डोके महिन्यातून १५ दिवस दुखू लागले, तर औषधाच्या अतिवापराची डोकेदुखी मानली जाते. येथे गोळ्यांची संख्या नव्हे, तर गोळी घेतलेल्या दिवसांची संख्या मोजायची असते. एका दिवशी दोन गोळ्या घेतल्या तरी दिवस एकच धरायचा. एक-एक गोळी वीस दिवस घेतली तर दिवस वीस.

माझे नेमके असेच झाले होते. चौकातल्या औषधाच्या दुकानात नुसते ‘नेहमीची’ म्हटले की दहा गोळ्यांची पट्टी काउंटरवर येत असे. एक पट्टी पर्समध्ये, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आणि एक देवघराच्या खणात. त्या गोळीत एर्गोटामिन, कॅफिन आणि पॅरासिटामॉल तिन्ही होते, हे मी पाकिटावर कधी वाचले नव्हते. दुखेल या भीतीने लग्नकार्याला निघण्यापूर्वीच एक घेत असे. नव्या डॉक्टरांनी गोलासोबत फुलीही करायला सांगितली. गोल म्हणजे डोके दुखले, फुली म्हणजे गोळी घेतली. पहिल्याच महिन्याच्या पानावर २२ फुल्या पडल्या. मला त्या दिवसापर्यंत कोणी विचारले असते तर मी प्रामाणिकपणे ‘आठ-दहा’ असे सांगितले असते.

मग त्या गोळ्या बंद कशा करायच्या? सहन होईल का?

साध्या वेदनाशामकांच्या आणि एर्गोटामिनच्या बाबतीत डॉक्टर पुष्कळदा एकदम बंद करायला सांगतात. अफूवर्गीय किंवा झोपेची औषधे असतील तर ती हळूहळू, देखरेखीखालीच कमी करावी लागतात. बंद केल्यावर पहिले काही दिवस, साधारण दोन ते दहा, डोके आधीपेक्षाही जास्त दुखते, मळमळते, झोप लागत नाही. माझा चौथा दिवस सर्वांत वाईट गेला. त्या दिवशी यजमानांनी तिन्ही पट्ट्या शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवल्या नसत्या तर मी हरले असते. नंतरच्या काही आठवड्यांत मात्र दोन अटॅकांमध्ये मोकळे दिवस दिसू लागतात. त्याच सुमारास प्रतिबंधक औषध सुरू केलेले असल्यास हा काळ सुसह्य होतो, म्हणून हे काम एकट्याने मनाच्या बळावर करू नये.

प्रतिबंधक औषध म्हणजे काय, आणि ते आयुष्यभर घ्यावे लागते का?

महिन्यातून चार किंवा अधिक दिवस डोके दुखत असेल, किंवा अटॅक थोडे असूनही माणूस पार आडवा होत असेल, तर दुखो वा न दुखो, रोज घ्यायचे औषध सुचवले जाते. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट आणि आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर दिले जाणारे फ्लुनारिझिन ही त्यांतील परिचित नावे. ही औषधे मुळात इतर कारणांसाठीही वापरली जातात, आणि तेथेच घोटाळा होतो. घरातले कोणी तरी मोबाइलवर नाव शोधते आणि ‘ही तर डिप्रेशनची गोळी आहे’, ‘ही फिटची आहे’ असे जाहीर करते, आणि रुग्ण आठवड्यात औषध सोडतो. परिणाम ठरवायला मात्र दोन-तीन महिने लागतात.

प्रत्येकाला काही मर्यादा आहेत. दमा असलेल्यांना प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. फ्लुनारिझिनने वजन आणि झोप वाढू शकते, मन खिन्न होऊ शकते, आणि दीर्घकाळ घेतल्यास हातपाय कंप पावू शकतात, म्हणून ते वर्षानुवर्षे जुन्या चिठ्ठीवर घेत राहू नये. टोपिरामेट आणि विशेषतः व्हॅल्प्रोएट हे आणखी एक प्रतिबंधक औषध गर्भाला घातक ठरू शकतात. अटॅक निम्म्यावर आले तर औषध यशस्वी मानतात. पूर्ण थांबतील ही अपेक्षा ठेवली तर चांगले औषधही निरुपयोगी वाटते. सहा महिने ते वर्षभर स्थिती चांगली राहिल्यास ते बहुधा हळूहळू कमी केले जाते.

महिन्याला एक इंजेक्शन घेतात, त्याविषयी काय?

वर उल्लेखिलेल्या सीजीआरपीला रोखणारी ही इंजेक्शने आहेत. त्यांतील पहिल्याला, एरेनुमॅबला, अमेरिकेत मे २०१८ मध्ये मान्यता मिळाली. सीजीआरपीवरील मूलभूत कामासाठी लार्स एडविन्सन, पीटर गोड्सबी, मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसेन यांना २०२१ चा ‘ब्रेन प्राइझ’ देण्यात आला. केवळ अर्धशिशीसाठी तयार झालेले हे पहिले प्रतिबंधक उपचार आहेत. ते भारतातही मिळू लागले आहेत, पण खर्च मोठा आहे. महिन्यातून १५ दिवस किंवा अधिक डोके दुखणाऱ्या, जुनाट अर्धशिशीच्या रुग्णांसाठी दर १२ आठवड्यांनी कपाळ, डोके, मान आणि खांद्यांवर ३१ ठिकाणी बोटॉक्सची सूक्ष्म इंजेक्शने देण्याचाही मार्ग आहे.

पाळी, गर्भारपण आणि गर्भनिरोधक गोळ्या यांचा संबंध काय?

स्त्रियांत अर्धशिशी पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळते, आणि पाळीपूर्वी इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते हे त्याचे एक मोठे कारण आहे. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंतचा काळ धोक्याचा असतो, आणि तारखा नियमित असतील तर तेवढ्याच दिवसांपुरते औषधही देता येते. गरोदरपणी दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत अनेकींना आराम पडतो. त्या काळात एर्गोटामिन पूर्णतः वर्ज्य आहे आणि इतर कोणतेही औषध विचारल्याशिवाय घेऊ नये.

एक गोष्ट ठळकपणे सांगते. ज्यांना ऑरा, म्हणजे दुखण्यापूर्वी चमकत्या रेषा वगैरे दिसतात, त्यांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. धूम्रपान असेल तर तो आणखी वाढतो. स्त्रीरोगतज्ज्ञ विचारतीलच असे नाही, म्हणून आपण होऊन सांगावे.

सुंठीचा लेप, नाकात तूप, सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी या उपायांनी गुण येतो का?

अंधार, शांतता, कपाळावर किंवा मानेवर बर्फाची पिशवी, ओढणीने डोके घट्ट बांधणे आणि झोप यांनी पुष्कळांना उतार पडतो, आणि त्यात गमावण्यासारखे काही नाही. सुंठीच्या लेपाने आणि बामने त्वचेला जी ऊब किंवा झोंब मिळते ती वेदनेवरून लक्ष हटवते. मी एकदा लेप रात्रभर ठेवला आणि सकाळी कपाळाचे कातडे सोलून निघाले. पंधरा मिनिटे पुरेत. दूध-जिलेबीने मला काही झाले नाही, मात्र त्या पंधरवड्यात पहाटे उठून पोटात काही गेल्याने सकाळचे अटॅक खरोखरच कमी वाटले, त्याचे श्रेय जिलेबीला किती द्यावे हे वाचकांनी ठरवावे. मॅग्नेशियम आणि रिबोफ्लेविन या पूरकांचा काहींना माफक लाभ होतो. नियमित चालणे आणि ठरावीक वेळी झोपणे-उठणे यांचा लाभ त्याहून अधिक भरवशाचा आहे.

डोकेदुखीसाठी तातडीने रुग्णालयात केव्हा जावे?

आयुष्यात कधी दुखले नव्हते असे डोके मिनिटभरात शिगेला पोहोचले तर वाट पाहू नये, कारण तो मेंदूतील रक्तस्राव असू शकतो. तापासोबत मान ताठरणे, हात-पाय लुळे पडणे, बोबडी वळणे, दुहेरी दिसणे, शुद्ध हरपणे, फिट येणे, डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारी डोकेदुखी या साऱ्यांना हेच लागू आहे. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत नवीन तीव्र डोकेदुखी सुरू झाल्यास ती ‘बाधली’ म्हणून घरी ठेवू नये. त्या काळात मेंदूच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, विशेषतः कानशील हुळहुळे असून घास चावताना जबडा दुखत असेल तर, दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवावी, कारण उपचारास उशीर झाल्यास दृष्टी जाऊ शकते. आणि नेहमीच्या अर्धशिशीचा ढंगच बदलला, तर ‘आपले नेहमीचेच’ म्हणून सोडून देऊ नये.

एमआरआय करावा का?

हकिकत ठरावीक अर्धशिशीची असेल आणि डॉक्टरांच्या तपासणीत काही आढळले नसेल तर बहुधा गरज नसते. केलाच आणि ‘नॉर्मल’ आला, तर दुखणे खोटे होते असा त्याचा अर्थ नाही. अहवालात कधी कधी बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा उल्लेख असतो. अर्धशिशीच्या रुग्णांत ते इतरांपेक्षा अधिक आढळतात आणि सहसा घाबरण्याजोगे नसतात, परंतु रात्री अकरा वाजता इंटरनेटवर त्यांचा अर्थ शोधू नये.

लहान मुलांनाही होते का?

होते. त्यांचे अटॅक दोन तासांतही आटोपतात. काही मुलांचे डोके न दुखता पोटच वारंवार दुखते आणि उलट्या होतात. बस लागणारी मुले पुढे अर्धशिशीची रुग्ण झालेली बऱ्याचदा दिसतात, आणि आई-वडिलांपैकी एकाला ती असतेच असते म्हणावे इतके हे घराण्यातून येते. डबा न खाता परत आणणे आणि तहान मारणे ही शाळेतली दोन मोठी निमित्ते. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

घरच्यांनी काय करावे?

‘काय खाल्लेस?’ हा प्रश्न त्या वेळी विचारू नये. पडदा ओढावा, कुकर थोडा उशिरा लावावा, उदबत्ती विझवावी, उशाशी पाणी आणि जवळ बादली ठेवावी, आणि दार लोटून घ्यावे. बेंगळुरू परिसरात झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत वर्षभरात अर्धशिशी झालेल्या प्रौढांचे प्रमाण सुमारे २५ टक्के आढळले होते. म्हणजे चार माणसांच्या घरात किंवा ऑफिसच्या टेबलावर एकाचे हे दुखणे असणे मुळीच नवल नाही, आणि सकाळी हसत असलेली बाई दुपारी खरोखरच उभी राहू शकत नाही, हे नाटक नव्हे.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावे?

साधा त्रास असेल तर घरचे डॉक्टर पुरतात. गोळीचे दिवस आठवड्याला दोनांहून जास्त होऊ लागले किंवा निदानच पक्के नसेल, तर न्यूरॉलॉजिस्टकडे जावे. सोबत गोल आणि फुल्या केलेली कॅलेंडरची मागची तीन पाने न्यावीत किंवा त्यांचे मोबाइलवर फोटो काढावेत. पाळीच्या तारखा त्यावरच वेगळ्या रंगाने लिहाव्यात. आजवर घेतलेल्या औषधांच्या रिकाम्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्याव्यात, कारण ‘ती पांढरी, छोटी गोळी’ एवढ्या वर्णनावरून कोणालाही काही कळत नाही. आणि वेळ दुपारची मिळाली असेल, तर जेवून निघावे.